सदाफुलीची पाने रोज चघळावीत का?

गच्चीवरची कुंडी (धागाकर्ती):

नमस्कार. आमच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली जिथे सिमेंट फुटले आहे, तिथे गेली सहा-सात वर्षे सदाफुलीची झाडे आपसूक उगवत आहेत. ती कोणी लावलेली नाहीत आणि पावसाळा सोडला तर त्यांना पाणीही मिळत नाही. तरी बाराही महिने गुलाबी आणि पांढरी फुले असतात आणि इमारतीतल्या निम्म्या देवघरांची सोय त्यांवर होते. गेल्या दोन महिन्यांत मात्र फुले जागच्या जागी आणि पाने गायब, असा उलटा प्रकार दिसू लागला. चौकशी केली तेव्हा कळले की माझे सासरे आणि त्यांच्या सकाळच्या फेरीतले तीन स्नेही मधुमेहावर उपाय म्हणून रोज उपाशीपोटी प्रत्येकी तीन-चार पाने चघळतात. त्यांपैकी एकाने तर पाने वाटून त्यांचा रस घेण्यापर्यंत मजल मारली आहे.

मी हरकत घेतली तेव्हा मला दोन उत्तरे मिळाली. पहिले असे की हे आयुर्वेदातले औषध आहे. दुसरे असे की याच झाडापासून कर्करोगावरची औषधे तयार होतात, म्हणजे शास्त्रानेही त्याला मान्यता दिलेली आहे, मग साध्या साखरेला ते का चालणार नाही? दुसऱ्या उत्तरापुढे मी गप्प बसले, कारण त्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे हे मलाही माहीत होते. नंतर जसजसे वाचत गेले, तसतसे वाटू लागले की कर्करोगाच्या औषधाची कथा ही पाने चघळण्याच्या बाजूने नसून तिच्या अगदी विरुद्ध बाजूने बोलते.

येथे वनस्पतिशास्त्र, वैद्यक आणि औषधनिर्मिती यांतले जाणकार आहेत. सदाफुलीचे जे पारंपरिक उपयोग आपण घरात पाहिले असतील आणि त्यांबद्दल जे ठामपणे माहीत असेल, ते कृपया लिहावे. सासऱ्यांचे वय ७४ आहे, साखरेच्या दोन गोळ्या सुरू आहेत आणि रक्तदाबाची एक आहे. त्यांना धागा वाचून दाखवणार आहे, त्यामुळे चेष्टेचा सूर टाळावा ही विनंती.

रानभटक्या:

पहिल्या उत्तरापासून सुरुवात करतो, कारण ते निकालात काढायला सोपे आहे. सदाफुली भारतातली नाही. तिचे मूळ घर मादागास्कर बेट. युरोपीय जहाजांबरोबर ती बागेतले शोभेचे फूल म्हणून अठराव्या शतकात जगभर पसरली आणि उष्ण प्रदेशात जिथे गेली तिथे कुंपण ओलांडून रस्त्यावर आली. चरक आणि सुश्रुत यांच्या काळात हे झाड या भूमीवर नव्हते, तेव्हा त्यांनी ते सांगण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तिची भारतीय नावे पाहिली तरी हे ध्यानात येईल: मराठीत सदाफुली, हिंदीत सदाबहार, गुजरातीत बारमासी, तमिळ-मल्याळममध्ये नित्यकल्याणी, बंगालीत नयनतारा. ही सगळी नावे फुलाच्या रूपाची किंवा सतत फुलण्याची आहेत. जुन्या औषधी वनस्पतींच्या नावांत गुण, वीर्य किंवा रोग डोकावतो, तसे येथे काहीच डोकावत नाही.

शास्त्रीय नावाचाही थोडा घोळ आहे. लिनिअसने १७५९ मध्ये तिला व्हिंका रोझिया म्हटले. पुढे १८३७ मध्ये जॉर्ज डॉन यांनी तिला कॅथरँथस या वेगळ्या प्रजातीत हलवले आणि आजचे मान्य नाव कॅथरँथस रोझियस हे आहे. आपल्या रोपवाटिकांत मात्र अजून ‘व्हिंका’ म्हणूनच मागावी लागते. दादरला एकदा मी शुद्ध नाव घेतले तेव्हा विक्रेत्याने मला शेजारच्या दुकानात पाठवले.

कूळ कण्हेरीचे. हे एवढे एक वाक्य सासरेबुवांना ऐकवले तरी पुष्कळ होईल. कण्हेर, बिट्टी, रुई, तगर, सातवीण आणि सर्पगंधा ही सगळी याच कुळातली भावंडे आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना शेळीसुद्धा तोंड लावताना विचार करते. या कुळाने प्राण्यांपासून बचावासाठी कडू आणि विषारी द्रव्ये साठवण्याची कला साधली आहे. एकट्या सदाफुलीत शंभराहून अधिक अल्कलॉइडे, म्हणजे शरीरावर तीव्र परिणाम करणारी वनस्पतिज द्रव्ये, सापडली आहेत. माणसाला त्यांतली काही उपयोगी पडली, पण झाडाने ती आपल्यासाठी तयार केलेली नाहीत.

मुंबईत ती इतकी का फोफावते, याचे उत्तर तिच्या शेंगांत आहे. प्रत्येक फुलामागे दोन बारीक, उभ्या शेंगा धरतात. त्या वाळून उकलल्या की मोहरीपेक्षा लहान काळे बी पडते. खारा वारा, तापलेले सिमेंट आणि नावापुरती माती तिला पुरते. रेल्वेच्या संरक्षक भिंती, जुन्या चाळींचे पागोळीखालचे कठडे, वरळी-माहीमच्या किनाऱ्यालगतची फुटकी कुंपणे येथे तिला कोणी लावायला जात नाही. शोभेचे झाड आणि तण यांच्यातली सीमा कोणती, हे शिकवायला सदाफुलीइतके चांगले उदाहरण मला शहरात दिसलेले नाही.

पहाटफेरी:

मी धागाकर्तींच्या सासऱ्यांच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगतो. वय ६८, मधुमेह १४ वर्षे. गेले पाच महिने मी सदाफुलीची पाने आणि कधी दोन-तीन फुले सकाळी घेतो. माझी उपाशीपोटीची साखर १७० वरून १३० च्या आसपास आली आहे. मला कोणताही त्रास झालेला नाही. झाड परदेशी आहे म्हणून त्याचा उपयोग खोटा ठरत नाही. मिरची आणि बटाटाही परदेशीच आहेत. फिलिपिन्सपासून जमैकापर्यंत वेगवेगळ्या देशांतली माणसे एकमेकांना न विचारता एकाच झाडाचा काढा मधुमेहावर घेत होती, याला काही अर्थ असेल की नाही? आणि ज्या मेटफॉर्मिनच्या गोळ्या आपण सारे घेतो, तिचे मूळही एका युरोपीय झुडपातच आहे.

मात्रा:

मी ३१ वर्षे औषधनिर्मितीच्या क्षेत्रात काढली आणि आता निवृत्त आहे. ‘पहाटफेरी’ यांनी जमैकाचा उल्लेख केला हे बरे झाले, कारण पुढची सगळी कथा जमैकातूनच सुरू होते आणि ती मधुमेहाचीच आहे.

१९५२ मध्ये जमैकातल्या एका डॉक्टरांनी कॅनडातील डॉक्टर क्लार्क नोबल यांना सदाफुलीची पंचवीस पाने पाकिटात घालून पाठवली. तेथील लोक मधुमेहावर या पानांचा काढा घेतात, तेव्हा हे तपासून पाहावे, असे त्यांचे म्हणणे होते. क्लार्क स्वतः निवृत्तीच्या वाटेवर होते. त्यांनी ती पाने वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात संशोधन करणारे आपले धाकटे बंधू रॉबर्ट नोबल यांच्याकडे सोपवली. इन्सुलिनच्या शोधात भाग घेतलेले जेम्स कॉलिप हे त्याच विद्यापीठात वैद्यक विभागाचे प्रमुख होते, म्हणजे मधुमेहावरचे औषध ओळखायला याहून योग्य जागा जगात क्वचितच सापडली असती.

रॉबर्ट नोबल यांनी उंदरांना पानांचा अर्क तोंडावाटे दिला. साखरेवर म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. मात्रा कमी पडत असेल म्हणून अर्क टोचून दिला, तेव्हा साखर तशीच राहिली आणि उंदीर आठवड्याभरात मरू लागले. शवविच्छेदनात त्यांच्या शरीरात जागोजागी पू झालेला आढळला. एरवी उंदीर सहज परतवून लावतात अशा जंतूंनी त्यांना मारले होते, कारण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या आणि अस्थिमज्जा, म्हणजे जिथे या पेशी तयार होतात तो हाडांमधला मगज, दबला गेला होता.

येथे एखाद्याने ‘विषारी, निरुपयोगी’ असा शेरा मारून फाईल बंद केली असती. नोबल आणि रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बिअर यांनी उलटा विचार केला: जे द्रव्य पांढऱ्या पेशी इतक्या झपाट्याने घटवते, ते ज्या रोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात त्या रक्ताच्या कर्करोगात उपयोगी पडेल. ते द्रव्य वेगळे करण्यात त्यांना यश आले आणि १९५८ मध्ये त्यांनी ते जाहीर केले. आज त्याला व्हिनब्लास्टिन म्हणतात. त्याच सुमारास अमेरिकेतल्या एलाय लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोडा हेही लोकपरंपरेतल्या वनस्पतींची चाळणी करताना स्वतंत्रपणे सदाफुलीपाशी पोहोचले होते. त्या कामातून व्हिन्क्रिस्टीन हे कर्करोगावरचे दुसरे औषध हाती लागले आणि १९६३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

म्हणून धागाकर्तींच्या सासऱ्यांचा युक्तिवाद उलटा करून पाहावा. कर्करोगाचे औषध सापडले ते पाने मधुमेहावर चालली म्हणून नाही. ती मधुमेहावर चालली नाहीत आणि जनावरांच्या अस्थिमज्जेवर चालली, म्हणून ते सापडले. एक प्रसिद्धी दुसरीला आधार देत नाही, ती तिला खोडून काढते.

मात्रेचाही विचार व्हावा. एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टीन मिळवण्यासाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात, आणि प्रौढ रुग्णाला एका वेळी दिली जाणारी मात्रा साधारणपणे दोन मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. एवढ्याशा द्रव्यालाही इतके जपावे लागते की ते फक्त शिरेतूनच द्यायचे असते. चुकून पाठीच्या कण्यात टोचले गेले तर रुग्ण दगावतो. असे अपघात टाळण्यासाठी ते सिरिंजमध्ये न भरता सलाइनच्या छोट्या पिशवीतून द्यावे, अशी सूचना जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये काढली होती. चार पानांतून कर्करोगाचे औषध पोटात जाईल ही आशा जशी फोल आहे, तशीच चार पानांनी अस्थिमज्जा संपेल ही भीतीही अतिरेकी आहे. पण उरलेल्या शंभर अल्कलॉइडांचे काय? त्यांचे प्रमाण पानागणिक, ऋतूगणिक आणि झाडागणिक बदलते. मी आयुष्यभर ज्या कामात होतो तेथे गोळीतल्या द्रव्याच्या प्रमाणात थोडा फरक पडला तरी सगळा माल बाद होत असे, त्यामुळे ‘तीन-चार पाने’ हे माप माझ्या गळी उतरत नाही.

गच्चीवरची कुंडी:

‘मात्रा’ यांचा प्रतिसाद सासऱ्यांना सावकाश वाचून दाखवला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला, उंदरांचा भाग दोनदा वाचायला लावला आणि मग विचारले, “वैद्य काय म्हणतात?” तेव्हा येथे कोणी वैद्य असल्यास त्यांनी कृपया लिहावे.

खलबत्ता:

मी पदवीधर वैद्य आहे आणि उपनगरात चिकित्सा करते. ‘रानभटक्या’ यांचे म्हणणे बरोबर आहे. सदाफुली हे बृहत्त्रयीतले, म्हणजे चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्या ग्रंथांतले, द्रव्य नाही. आपल्याकडे नव्या वनस्पतींना रस, वीर्य, विपाक या आयुर्वेदाच्या कसोट्या लावून सामावून घेण्याची परंपरा आहे आणि अलीकडच्या काही संग्रहांत सदाफुलीही त्या रीतीने आली आहे. परंतु ‘आयुर्वेदात सांगितले आहे’ आणि ‘आयुर्वेदाच्या भाषेत कोणी तरी नंतर वर्णन केले आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्याकडे येणाऱ्या मधुमेही रुग्णांना मी सदाफुली देत नाही. प्रमेहासाठी (आयुर्वेदात मधुमेह याच गटात येतो) हळद, आवळा, गुळवेल, विजयसार यांचा ग्रंथोक्त आणि शतकानुशतकांचा अनुभव हाताशी असताना जिच्या मात्रेची परंपराच नाही अशी वनस्पती वापरण्याचे मला कारण दिसत नाही. ती द्रव्येही सुरू असलेल्या गोळ्यांबरोबर स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, हे ओघाने आलेच.

लोकपरंपरा म्हणाल तर सदाफुलीचा जो उपयोग भारतात जुना म्हणून नोंदला गेला आहे, तो बाहेरून लावण्याचा आहे. गांधीलमाशी चावली की पानांचा रस दंशाच्या जागी चोळत. माझ्या आजोळी कुडाळजवळ हे मी लहानपणी पाहिलेले आहे. मात्र त्याच घरात कांद्याची चकती आणि ओला चुनाही लावत, त्यामुळे श्रेय नक्की कोणाला द्यायचे हे सांगता येणार नाही. कॅरिबियन बेटांत फुलांच्या अर्काने डोळे धुण्याची रीत होती, तिचे अनुकरण मात्र कोणीही करू नये. मादागास्करमध्ये कडू मूळ रेचक आणि कृमिनाशक म्हणून वापरत. आणखी एक उपयोग अनेक देशांच्या लोकवैद्यकात आढळतो, तो गर्भ पाडण्याचा. याचसाठी गरोदर स्त्रीने आणि अंगावर पाजणाऱ्या मातेने सदाफुली कोणत्याही रूपात पोटात घेऊ नये, असे मी निक्षून सांगते. ज्या घरात आजोबांसाठी वाटलेला रस फ्रिजमध्ये ठेवला जातो, त्या घरात सूनही असते.

सासरेबुवांच्या रक्तदाबाच्या गोळीबद्दलही सांगते. सदाफुलीच्या मुळांत अजमलिसिन आणि सर्पेंटाइन ही सर्पगंधेतही आढळणारी द्रव्ये असतात आणि त्यांचा संबंध रक्तवाहिन्यांशी आहे. काही घरी मुळांसकट रोप उकळतात, ते अधिक धोक्याचे.

परळची खिडकी:

हा धागा दोन दिवस वाचते आहे आणि लिहावे की नाही या विचारात होते. माझ्या भाच्याला वयाच्या पाचव्या वर्षी रक्ताचा कर्करोग झाला. परळच्या टाटा रुग्णालयात त्याचे उपचार झाले आणि ते संपेपर्यंत माझी बहीण मुलाला घेऊन आमच्याकडेच राहिली. त्याच्या उपचारांच्या कागदावर जी पाच-सहा नावे होती त्यांत व्हिन्क्रिस्टीन होते. ते सदाफुलीपासून होते हे मला तेथील एका परिचारिकेने सांगितले तेव्हा मी खिडकीतल्या कुंडीकडे किती वेळ पाहत बसले होते.

नंतर हीच गोष्ट मी कौतुकाने नातेवाइकांत सांगितली, ती माझी चूक झाली. गावाकडून एक वडीलधारे भेटायला आले आणि त्यांनी बहिणीला समजावले की औषध जर या पानांतच आहे तर मुलाला सुया कशाला टोचायच्या, पाने वाटून मधातून द्यावीत. ते वाईट मनाने बोलत नव्हते. बहीण थकलेली होती, मुलाचे केस गेले होते, पायांतला जोर कमी होऊन तो टाचा न टेकता चालू लागला होता आणि बद्धकोष्ठाने रडत असे; अशा वेळी पाने आणि मध हे शब्द फार गोड वाटतात. तिने डॉक्टरांना विचारले. त्यांनी न रागावता सांगितले की पायांतली कमजोरी आणि बद्धकोष्ठ हे दोन्ही याच औषधाचे परिणाम आहेत, ते ओळखून मात्रा ठरवली जाते, आणि वाटलेल्या पानांत ही मात्रा ठरवणारा कोणी नसतो. शिवाय हे औषध एकटे काम करत नाही, ठरलेल्या क्रमाने इतर औषधांच्या जोडीने करते.

भाचा आता सतरा वर्षांचा आहे आणि ठाण्याला फुटबॉल खेळतो.

‘मात्रा’ यांना एक विचारायचे आहे. ज्या औषधाने पेशींची वाढ थांबते, त्याने पायांतला जोर का जावा?

मात्रा:

ताई, आपल्या भाच्याबद्दल वाचून फार बरे वाटले.

प्रत्येक पेशीत ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटा रचून बारीक नळ्या उभ्या होतात. पेशीचे विभाजन होताना या नळ्या गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढून नेतात. व्हिन्क्रिस्टीन त्या विटांना चिकटते, नळ्या रचल्या जात नाहीत, विभाजन अर्ध्यावर अडकते आणि पेशी मरते. भराभर विभागणाऱ्या पेशींना याचा मोठा फटका बसतो, म्हणून कर्करोग आटोक्यात येतो आणि केसही जातात. मज्जातंतूंच्या पेशी विभागत नाहीत, पण त्यांचे धागे कंबरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत लांब असतात आणि त्या धाग्यांत मालाची ने-आण करणारे रूळ याच नळ्यांचे बनलेले असतात. रूळ उखडले की सर्वांत लांबच्या स्थानकाला आधी झळ पोहोचते, म्हणून पाय. आतड्यांच्या नसांवरही तोच परिणाम होतो, म्हणून बद्धकोष्ठ.

मधुमेहाने पायांच्या नसा आधीच दुखावलेल्या असतात, हे येथे नमूद करून ठेवतो. चार पानांनी त्यांना किती इजा होईल याचे माप देता येत नाही. पण ज्या झाडाचा ओढा नसांकडे आहे ते मधुमेह्याने निवडावे, हे मला तरी विचित्र वाटते.

आता ‘पहाटफेरी’ साहेबांच्या मुद्द्यांकडे वळतो. मधुमेह केलेल्या प्रयोगशाळेतील उंदीर-सशांना सदाफुलीचा अर्क देऊन साखर उतरल्याचे निष्कर्ष नंतरच्या काळात अनेकदा प्रसिद्ध झाले आहेत, हे मी लपवणार नाही. त्यामुळे पानांत साखर उतरवणारे काहीच नसेल असे मी म्हणत नाही. पण त्या प्रयोगांत अर्क वजनाच्या हिशेबाने देतात, आणि उंदराची उतरलेली साखर हा माणसासाठीच्या औषधाचा शेवट नसून सुरुवात असते. मेटफॉर्मिनचे उदाहरण आपण दिलेत, ते मला फार आवडले, कारण ते माझ्या बाजूचे आहे. गॅलेगा या झुडपातले मूळ द्रव्य गॅलेगिन साखर उतरवत होते, पण ते विषारी निघाले. मग त्याच्याशी नाते सांगणारी सुरक्षित द्रव्ये प्रयोगशाळेत घडवली गेली आणि त्यांतून मेटफॉर्मिन आले. आज ते झुडूप कोणीही चघळत नाही.

आणि एक सरळ प्रश्न: या पाच महिन्यांत पानांखेरीज आणखी काय बदलले?

पहाटफेरी:

प्रामाणिकपणे सांगायचे तर पाने सुरू केली त्याच सुमारास सकाळची फेरी वीस मिनिटांवरून पन्नास मिनिटांवर नेली आहे आणि रात्रीचा भात बंद केला आहे. डॉक्टरांनी एक गोळी वाढवलीही होती, पण ती पाने सुरू करण्याच्या तीन आठवडे आधी. पानांचा वाटा किती आणि फेरीचा किती, हे मी वेगळे काढू शकत नाही, हे मान्य आहे. मात्र दोनदा पहाटे घाम येऊन हात थरथरले होते, साखर खाल्ल्यावर थांबले, हे मी आतापर्यंत कोणाला सांगितले नव्हते.

खलबत्ता:

काका, ही गोष्ट आपल्या डॉक्टरांना उद्याच सांगावी, पुढच्या नेहमीच्या भेटीपर्यंत थांबू नये. साखर प्रमाणाबाहेर उतरल्याची ही लक्षणे आहेत. कारण पाने असोत, वाढवलेली गोळी असो की बंद केलेला भात असो, गोळ्यांची मात्रा तपासून घेणे आवश्यक आहे. आपण पाने घेता हेही त्यांना सांगावे. ते रागावतील या भीतीने रुग्ण हे लपवतात आणि डॉक्टर मग चुकीच्या दिशेने शोधत राहतात.

काळी माती:

औषधाच्या चर्चेत एका माळ्याचा प्रतिसाद चालेल असे समजून लिहितो. धागाकर्ती म्हणतात की पाने तोडली जात आहेत. तोडलेल्या सदाफुलीला फुटवे येतात, त्याची चिंता नको. परंतु झाडाच्या एखाद्या फांदीची पाने अगदी बारीक, झुबक्यासारखी होऊन फुले गुलाबीऐवजी हिरवी दिसत असतील, तर ते झाड मुळासकट काढून टाकावे. तो फायटोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्म जीवाचा रोग आहे आणि तुडतुडे तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. हिरवी सदाफुली दुर्मीळ जात म्हणून जपणारे लोक मी पाहिले आहेत. एका गृहस्थांनी तर तिचे फूल विशेष औषधी म्हणून खाल्ले होते.

मुंबईत सदाफुली मरते ती उन्हाने नव्हे, जुलैतल्या पाण्याने. कुंडीत पाणी साचले की बुंधा काळा पडतो आणि दोन दिवसांत झाड मान टाकते. भिंतीच्या फटीतली टिकते, कारण तेथे पाणी थांबतच नाही.

एक आर्थिक बाजूही आहे. औषधासाठी सदाफुलीची शेती तमिळनाडूत होते आणि लखनौच्या सीमॅप या केंद्रीय संस्थेने तिचे निर्मल आणि धवल असे पांढऱ्या फुलांचे वाण दिले आहेत. म्हणजे औषधाला लागणारे पीकही निवडलेल्या वाणाचे असते. गच्चीवरची कोणती झुडपे कोणत्या द्रव्यात श्रीमंत आहेत, हे पाहून सांगणारा डोळा माझ्याकडे नाही, आणि मी चाळीस वर्षे झाडेच पाहतो आहे.

रानभटक्या:

‘व्हिंका’ या नावावरून आणखी एक गोंधळ होतो, तो येथेच दूर करतो. स्मरणशक्तीसाठी व्हिंका उपयुक्त आहे असे संदेश फिरत असतात. तो उल्लेख व्हिंका मायनर या युरोपातल्या जमिनीलगत पसरणाऱ्या, निळ्या फुलांच्या वेलीचा आहे. व्हिन्कामिन हे द्रव्य तिच्यात असते. आपल्या सदाफुलीशी तिचे कूळ एक, पण झाड वेगळे. रोपवाटिकेतल्या पाटीवर विसंबून कोणी स्मरणशक्तीसाठी सदाफुली खाऊ लागले तर ते दुहेरी दुर्दैव ठरेल.

आणि मादागास्करचे राहूनच गेले. ज्या बेटाने हे झाड जगाला दिले, त्याच्या वाट्याला या औषधांच्या उत्पन्नातून काही आले नाही, ही तक्रार जैवविविधतेच्या हक्कांच्या चर्चेत आजही पहिल्या उदाहरणांत येते. १९९२ च्या जैवविविधता करारात मूळ देशाचा वाटा मान्य झाला, तोवर व्हिन्क्रिस्टीनला बाजारात येऊन जवळजवळ तीस वर्षे झाली होती.

गच्चीवरची कुंडी:

सर्वांचे मनापासून आभार. येथे झालेले एवढे लेखन मी मोठ्या अक्षरांत छापून सासऱ्यांच्या टेबलावर ठेवले होते. त्यांनी स्वतः काही कबूल केले नाही, पण आज सकाळी फेरीला जाताना ते छापील कागद बरोबर घेऊन गेले आणि परत आल्यावर म्हणाले की रस पिणाऱ्या मित्राला पहाटे घाम येतो का, हे त्यांनी विचारून घेतले. त्याला येतो. तो उद्या डॉक्टरांकडे जाणार आहे. सासऱ्यांची तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी येत्या सोमवारी आहे आणि त्यांनी पाने घेतल्याचे डॉक्टरांना मी सांगायचे, असे ठरले आहे. स्वतः सांगायला त्यांना संकोच वाटतो.

‘काळी माती’ यांना एक विचारायचे आहे. ‘परळची खिडकी’ यांचा प्रतिसाद वाचल्यापासून सासऱ्यांना टाकीखालचे एक पांढरे झाड देवघराच्या खिडकीत कुंडीत हवे आहे. झाड हातभर उंच आहे आणि मूळ सिमेंटच्या भेगेत खोल गेलेले आहे. ते उपटून लावले तर जगेल का, की बी धरून रोप करावे?

काळी माती:

उपटू नका, मूळ तुटेल आणि झाड जगणार नाही. शेंगा पिवळट झाल्या की उकलण्याआधी तोडा, कागदात दोन-चार दिवस वाळवा आणि बी अर्धी माती, अर्धी वाळू अशा मिश्रणात वरवर पेरून मातीने झाका. उजेडात उघडे राहिलेले बी नीट रुजत नाही. कुंडीला खाली मोठे भोक हवे. पावसाळा संपल्यावर पेरलेत तर दिवाळीनंतर दोन-अडीच महिन्यांत फूल दिसेल. शेजारी गुलाबी झाडे असल्यामुळे सगळी रोपे पांढरीच निघतील याची हमी मात्र देत नाही.